एम्डेनचा ओटो आणि आमच्या नातीचं गाऱ्हाणं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या अंकात एका वाचकाचं पत्र छापून आलं. शाळांच्या स्नेहसंमेलनात मालवणी नाटुकली बसवू नयेत, बाहेरचे लोक आपल्या बोलीला हसतात आणि मुलांच्या मनात न्यूनगंड बसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांची तळमळ खरी आहे, ते मला कळतं. तरीही उत्तर लिहिल्यावाचून राहवलं नाही, कारण हेच आमच्या घरात दोन महिन्यांपूर्वी घडलं.

माझी नात सातवीत आहे. संमेलनासाठी तिनं स्वतः एक गाऱ्हाणं लिहिलं होतं. देवळात मानकरी घालतात तसंच, पण मुलांच्या अडचणींचं. "बा देवा म्हाराजा, जी एसटी सांजची येवची ती रातीक येता, ती येळार येवांदे रे म्हाराजा!" आणि मागून सगळ्या वर्गानं "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. मोबाइलला सड्यावर चढल्याशिवाय रेंज मिळत नाही, माकडं डबा पळवतात, गणिताचा तास नेमका जेवणानंतर येतो, असं सगळं त्यात होतं. तालमी झाल्या. संमेलनाला चार दिवस उरले असताना शाळेतून निरोप आला की मुंबईहून पाहुणे येणार आहेत, ते हसतील, तेव्हा शुद्ध मराठीत करा नाहीतर राहू द्या. "व्हय म्हाराजा" शुद्ध मराठीत कसं म्हणायचं? तिनं एक रात्र प्रयत्न केला आणि मग वही दप्तरात टाकली. त्या दिवशी तिच्या गटानं पाहुण्यांसाठी स्वागतगीत म्हटलं.

शाळेवर राग काढायला मी हे लिहीत नाही. मला एका माणसाबद्दल सांगायचं आहे. तो आपल्या मुलखातला नाही. जर्मनीतला आहे, विनोदवीर आहे, नट आहे, गाणारा आहे, आणि त्याचं गाव समुद्रकाठी आहे. त्याचं नाव ओटो वाल्केस.

मी ३४ वर्षं जहाजावर होतो. खलाशी म्हणून चढलो आणि बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणून उतरलो. त्यातली पुष्कळ वर्षं मोटारवाहू जहाजांवर गेली. या जहाजांना खिडक्या नसतात, आत मजल्यावर मजले आणि प्रत्येक मजल्यावर गाड्यांच्या रांगा. जर्मनीच्या वायव्य टोकाला एम्स नदीच्या तोंडावर एम्डेन नावाचं बंदर आहे. फोक्सवॅगनचा कारखाना तिथं १९६४ पासून आहे आणि तिथून गाड्या जगभर जातात. मी एम्डेनला पहिल्यांदा गेलो ते १९८६ च्या नोव्हेंबरात. बोचरा वारा, पाऊस, आणि जमीन इतकी सपाट की उंच काय ते फक्त बांध. आपल्याकडे खाडीकाठी खारबांध असतात तसेच, पण केवढे तरी मोठे. बांधाच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला गायी. ओहोटीला पाणी मैलभर मागं सरकतं आणि नुसता चिखल उघडा पडतो. आमच्या खाडीतला मुळे, म्हणजे शिंपले, काढायचा चिखल आठवला मला.

त्या मुलखाचं नाव ओस्टफ्रीसलँड. तिथली माणसं चहाबाज. आपण मुंबईकरांना आपला चहा मोठ्या कौतुकानं सांगतो, पण हे लोक वर्षाला माणशी सुमारे ३०० लिटर चहा पितात. कपात आधी खडीसाखरेचा मोठा खडा, त्यावर गरम कोरा चहा, खडा तडकल्याचा आवाज ऐकायचा, मग कडेनं साय सोडायची आणि ढवळायचं नाही. तीन कप घेतल्याशिवाय उठायचं नाही, आणि पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा. २०१६ साली या चहाच्या रीतीची जर्मनीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. मला हे सगळं शिकवलं ते गोदीतल्या एका म्हाताऱ्या कामगारानं. गाड्या पट्ट्यांनी आवळण्याचं काम करणाऱ्या टोळीचा तो मुकादम होता, इंग्रजी बऱ्यापैकी बोलायचा.

संध्याकाळी तोच आम्हाला खलाशांच्या क्लबात घेऊन गेला. तिथं व्हिडिओवर एक सिनेमा लावला होता. लांब पिवळ्या केसांचा, टोपी घातलेला एक किडकिडीत माणूस पडद्यावर बेडकासारखा उड्या मारत चालत होता. मला जर्मनचं एक अक्षर कळत नव्हतं. पण खेड्यातून मोठ्या शहरात आलेला, कर्जात बुडालेला आणि तरी तोंड वर करून फिरणारा माणूस कळायला भाषा लागत नाही. क्लबातली माणसं टेबलं बडवून हसत होती.

मुकादम म्हणाला, हा आमच्या एम्डेनचा. मग त्यानं मला एक विनोद सांगितला, तो मी आजवर विसरलो नाही. भरती-ओहोटी का होते? तर समुद्रानं पहिल्यांदा ओस्टफ्रीसलँडची माणसं पाहिली आणि तो घाबरून मागं पळाला. तेव्हापासून ती माणसं अजून तिथंच आहेत का, हे बघायला तो दिवसातून दोनदा येतो.

मी हसलो नाही. मला वाटलं, हा स्वतःच्याच लोकांची अशी नालस्ती का सांगतोय? तेव्हा त्यानं समजावलं. १९६० च्या दशकाच्या शेवटी शेजारच्या मुलखातल्या वेस्टरस्टेडे गावच्या एका शाळेतल्या मुलांनी आपल्या अंकात ओस्टफ्रीसलँडच्या लोकांवर असले विनोद छापायला सुरुवात केली. ते वणव्यासारखे पसरले. रेडिओवर, वर्तमानपत्रात, पुस्तकात, सगळीकडे ओस्टफ्रीसलँडचा माणूस म्हणजे मठ्ठ, शेणाचा वास येणारा, दिवा बदलायलाही पाच जण लागणारा. देशात कुठंही गेलं आणि गाव सांगितलं की समोरचा आधीच हसायला लागायचा. आणि त्याच काळात या गावातला एक पोरगा गिटार घेऊन हॅम्बुर्गला गेला.

हा पोरगा म्हणजे ओटो. जन्म २२ जुलै १९४८, बाप रंगारी, घर कामगारवस्तीत. शाळेत असतानाच गाण्याचा बँड काढलेला. १९७० साली तो हॅम्बुर्गला चित्रकलेचा शिक्षक व्हायला गेला. तिथं एका मोठ्या जुन्या घरात भाड्यानं राहणाऱ्या पोरांच्या टोळक्यात तो होता. त्याच टोळक्यातले उडो लिंडेनबर्ग आणि मारिउस म्युलर-वेस्टर्नहागेन पुढं जर्मनीतले मोठे गायक झाले. खर्चासाठी ओटो छोट्या क्लबांत गायचा. गाण्यांच्या मधे तो घाबरून काहीबाही बोलायचा, आणि लोक गाण्यापेक्षा त्या बोलण्यालाच जास्त हसायचे. तेव्हा त्यानं ते बोलणंच मोठं केलं आणि गाणं मधे मधे ठेवलं. मला यातलं विशेष वाटतं ते हे, की त्यानं गाणं सोडलं नाही. आजही गिटारीशिवाय तो रंगमंचावर येत नाही. आपल्या दशावतारात पायपेटी, मृदंग आणि झांज काढून घ्या, संकासुराचा विनोद निम्मा उरेल. हसवणाऱ्याला ताल लागतो, हे ज्यानं रात्रभर दशावताराचा दहीकाला बघितला आहे त्याला सांगायला नको.

त्यानं आणि त्याच्या व्यवस्थापकानं स्वतःची ध्वनिमुद्रिकांची कंपनी काढली. तिचं नाव सोंडेवरून ठेवलं, कारण ओटो एक गोलमटोल छोटा हत्ती काढायचा आणि तोच त्याची खूण झाला. १९७३ ला पहिली तबकडी आली आणि त्याच वर्षी टीव्हीवर त्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्यासाठी लिहिणारे रोबर्ट गेर्नहार्ट, बेर्न्ट आयलर्ट आणि पेटर क्नोर हे तिघंही तयारीचे लेखक, गेर्नहार्ट तर जर्मन कवितेत नाव असलेला माणूस. पोरकटपणा वाटतो त्यामागं केवढी मेहनत असते, ते यावरून कळावं. १९८५ साली त्याचा पहिला सिनेमा आला, तोच मी क्लबात पाहिलेला. तेव्हा जर्मनीचे दोन तुकडे होते, मधे भिंत होती. तो सिनेमा भिंतीच्या दोन्ही बाजूंना लागला आणि दोन्हीकडचे मिळून १ कोटी ४० लाखांहून जास्त लोकांनी थिएटरात जाऊन पाहिला. त्या सिनेमाचा नायक कुठला, तर ओस्टफ्रीसलँडचा. ज्याला सगळा देश मठ्ठ म्हणत होता तोच.

मुकादमाचं एक वाक्य मी माझ्या शब्दांत सांगतो. पूर्वी लोक आमच्यावर हसायचे तेव्हा आम्ही खोलीबाहेर असायचो, आता हसण्याच्या खोलीत आम्हीच यजमान आहोत. हे सांगताना तो ज्या तऱ्हेनं हसला, ते हसणं मला ओळखीचं वाटलं. ते मी चार वर्षांपूर्वी मुंबईत पाहिलं होतं, माझ्या बाबांच्या तोंडावर.

माझे बाबा वयाच्या १४ व्या वर्षी मुंबईला गेले आणि गिरगावात एका घरी गडी म्हणून राहिले. आजच्या मुलांना माहीत नसेल, पण त्या काळी मुंबईत कोकणातून आलेल्या घरगड्याला त्याचं खरं नाव नसायचं. सगळेच 'रामा'. त्या घरातली मुलं बाबांच्या "खय जातंस?"ची नक्कल करून पाहुण्यांना दाखवायची आणि पाहुणे हसायचे. बाबा पुढं गिरणीत लागले, पण घराबाहेर कमी बोलायची सवय त्यांना जन्मभर राहिली. बँकेत, दवाखान्यात, माझ्या शाळेत ते मान हलवून काम भागवायचे. मालवणी फक्त खोलीचं दार लावल्यावर.

१९८२ साली दोन जहाजांच्या मधे मी घरी होतो तेव्हा त्यांना 'वस्त्रहरण' बघायला नेलं. गंगाराम गवाणकरांचं नाटक आणि मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच. पडदा वर गेला आणि झगझगीत उजेडात एक माणूस ठसक्यात मालवणी बोलायला लागला. हातात चहाचा ट्रे नाही, खांद्यावर फडकं नाही. तो गावचा सरपंच होता. बाबा आधी दचकून आजूबाजूला बघायला लागले, कोण हसतंय ते. सगळेच हसत होते, पुढच्या रांगेतले सूटबूटवालेही. मग बाबा हसायला लागले, ते थांबेनात. मध्यंतरात त्यांनी अनोळखी शेजाऱ्याला मोठ्यानं विचारलं, "तुमचो गाव खंयचो?" घराबाहेर इतक्या मोठ्यानं मालवणी बोलताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

कांबळी १९४७ चे, ओटो १९४८ चा. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नसणार. कांबळी रेवंडीचे, आमच्या मालवणच्या खाडीकाठचे. त्या नाटकाचे ५ हजारांवर प्रयोग झाले, ते लंडनला गेलं, पु. ल. देशपांड्यांनी त्याला मनापासून दाद दिली. २००७ मध्ये कांबळी अकाली गेले. या माणसानं आमच्या दोन पिढ्यांची जीभ मोकळी केली, आणि आज इथल्याच शाळेत पाहुणे हसतील म्हणून मालवणी झाकून ठेवायची? पाहुणे हसावेत म्हणूनच तर तिनं ते लिहिलं होतं!

मी पुन्हा एम्डेनला गेलो ते १९८८ ला. तोवर भर गावात 'ओटोचं घर' उभं राहिलं होतं, १९८७ पासून. खाली दुकान, वर त्याच्या कारकिर्दीचं छोटं संग्रहालय. तेव्हा तो अजून चाळिशीचाही नव्हता. पुढच्या वर्षी त्याचा आणखी एक सिनेमा आला. त्यात तो एका दीपगृहात राहतो आणि वेगवान गाडीच्या चाचणीमार्गात ते दीपगृह आडवं येतं. रेल्वेसाठी घरं-बागा गेलेल्या आपल्या माणसांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. ते दीपगृह खरंच आहे, पिल्सुम गावाजवळ बांधावर, १८९१ चं. उंची जेमतेम ११ मीटर, लाल-पिवळे पट्टे. सुट्टीच्या दिवशी मी सायकल भाड्यानं घेऊन तिथं गेलो आहे. कधीचंच बंद पडलेलं ते बुटकं दीपगृह बघायला देशभरातून माणसं येतात, तिथं लग्नंसुद्धा लागतात.

सगळं कौतुकच करतो असं नको. ओटोच्या जुन्या कामात काळ्या लोकांवर केलेले काही विनोद आज ऐकवत नाहीत, आणि २०२३ मध्ये जर्मनीच्या एका सार्वजनिक वाहिनीनं त्याचे जुने कार्यक्रम पुन्हा दाखवताना तशी सूचना लावली. बरोबरच केलं. ज्याच्या गावावर जग हसलं त्यानं दुसऱ्या कुणाच्या कातडीवर हसवू नये, असं माझं मत आहे. आपल्याकडच्या फार्सांतही बायकांवरचे, जाडेपणावरचे विनोद असतात. मुलांच्या नाटुकल्यात असलं काही आलं तर शिक्षकांनी जरूर खोडावं. पण नातीच्या गाऱ्हाण्यात कुणाचा अपमान नव्हता, फार तर एसटीचा.

पत्रलेखकांचा दुसरा मुद्दा असा की बोलीत रमलेली मुलं पुढं जात नाहीत. खरं सांगायचं तर ओटो रंगमंचावर बहुतेक प्रमाण जर्मनच बोलतो, गावची प्लाट बोली थोडीच. त्याला दोन्ही येतात. कुठं कुठली वापरायची हे त्याचं तो ठरवतो, आणि कुठल्याही भाषेत बोलला तरी गाव लपवत नाही. मी स्वतः जहाजावर इंग्रजी शिकलो, फिलिपिनो पोरांकडून थोडी तागालोग उचलली, रशियन कप्तानाच्या हाताखाली हुकूम घेतले. एका भाषेनं दुसरीची जागा अडवल्याचं मला कधी जाणवलं नाही. नात प्रमाण मराठीत निबंध लिहिते आणि तिला मार्क चांगले पडतात.

पुढची कारकीर्द थोडक्यात सांगतो. हिमयुगातल्या प्राण्यांच्या त्या प्रसिद्ध कार्टून सिनेमात २००२ पासून सिड नावाच्या स्लॉथला जर्मनमध्ये ओटोचा आवाज आहे. २००४ मध्ये सात बुटक्यांवरचा त्याचा सिनेमा तिथं जवळपास ७० लाख लोकांनी पाहिला. २०१८ साली, सत्तरीत, एम्डेननं त्याला मानद नागरिक केलं. तिथं आता पायी रस्ता ओलांडायच्या सिग्नलवर उड्या मारत चालणारा ओटो दिसतो. मी तोवर निवृत्त झालो होतो, पण जहाजावरच्या एका जुन्या सहकाऱ्यानं फोटो पाठवला. लाल दिव्यात तो थांबलेला, हिरव्यात उडी घेतलेला. शाळेत जाणारी पोरं रोज त्याच्यासोबत रस्ता ओलांडतात.

आणि २०२३ च्या मेमध्ये काय झालं ते ऐका. नात ओट्यावर बसून मोबाइलवर गाणं ऐकत होती, धडधड वाजणारं. मधेच एक आवाज आला आणि मी हातातली जाळ्याची सुई खाली ठेवली. तो ओटोचा होता. १९९३ मध्ये त्यानं एका इंग्रजी गाण्याच्या चालीवर स्वतःबद्दल गाणं रचलं होतं, बांधामागं राहणारा फ्रीसलँडचा पोरगा. तीस वर्षांनी स्की आग्गू नावाच्या बर्लिनच्या आणि योस्ट नावाच्या डच पोरानं ते नव्यानं केलं, ओटोला सोबत घेऊन. आणि ते जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेलं. ओटो तेव्हा ७४ वर्षांचा होता. बांधामागचा पोरगा म्हणून ज्याला हिणवलं असतं तेच शब्द विशीतली पोरं नाचत म्हणत होती. मी नातीला सगळी हकीकत सांगितली. एम्डेन, चहा, समुद्र घाबरून पळाल्याचा विनोद. ती हसली आणि म्हणाली, "आजोबा, आपल्याकडेय समुद्र दोनदाच येता मां?"

तिनं मग गाऱ्हाणं लिहिलं ते या गप्पांतून.

म्हणून संपादकसाहेब, दोन विनंत्या. इथल्या शाळांना आपल्या अंकातून सांगावं की संमेलनात निदान एक सादरीकरण त्या त्या गावच्या बोलीत असू द्या, मालवणी असो, संगमेश्वरी असो की आगरी. आणि पाहुण्यांना आधी सांगायची गरज नाही, त्यांना कळेल.

दुसरी विनंती वैयक्तिक आहे. पत्रासोबत नातीच्या वहीतली तीन पानं जोडली आहेत. अक्षर तिचंच आहे, मी एक शब्दही बदललेला नाही. बालविभागात जागा असेल तर जसंच्या तसं छापावं. 'गावणा नाय'चं 'मिळत नाही' करू नये. जागा नसेल तर पानं परत हवीत, पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीट सोबत ठेवलं आहे. शाळेत पुढचं संमेलन डिसेंबरात आहे.

आपला,
एक निवृत्त बोसन
तालुका मालवण, जि. सिंधुदुर्ग